विश्लेषण : तीरकामठा, लाठी, दांडपट्टा… विमानप्रवासात शस्त्रे आणि मर्दानी खेळांचे साहित्य नेण्याचे नियम काय?

सातपुड्याच्या पायथ्याशी, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावर वसलेले खापर हे अक्कलकुवा तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. थोडे पश्चिमेला सरकले की गुजरातची हद्द लागते. या पट्ट्यात तीरकामठा कोणाला नवा नाही. काठीच्या राजवाडी होळीत तो खांद्यावर असतो आणि आता आश्रमशाळांच्या मैदानांवर खेळाचे साधन म्हणूनही दिसतो. मात्र हाच तीरकामठा घेऊन स्पर्धेसाठी विमान पकडायचे म्हटले की घरातील कोणालाच उत्तर माहीत नसलेले प्रश्न उभे राहतात. धनुष्य हातात नेता येईल का? लाठी चालेल का? वाटेत पोलिसांनी अडवले तर? सामान फुटले तर भरपाई किती? धनुर्विद्या, कराटे, तलवारबाजी, नेमबाजी आणि शिवकालीन मर्दानी खेळ खेळणाऱ्या सर्वांनाच हे प्रश्न पडतात. त्याविषयी…

केबिनमध्ये नेमके काय चालत नाही?

देशातील विमानतळांवरील सुरक्षेचे नियम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो म्हणजे ‘बीसीएएस’ ठरवते. प्रवाशाने सोबत केबिनमध्ये काय नेऊ नये याची या संस्थेची यादी आहे. तलवारी, सुरे, चाकू ही धारदार हत्यारे त्यात आहेतच. पण ज्यांना धार नाही अशाही अनेक वस्तू आहेत. धनुष्यबाण, क्रिकेटची बॅट, हॉकी स्टिक, गोल्फचे दांडके, बिलियर्ड्सची काठी यांना केबिनमध्ये मनाई आहे. कराटे-कुंग फू शिकणाऱ्यांकडे असणारे नानचाकू, फेकायच्या चांदण्या, मुठीत घालायचे लोखंडी कडे, दंडुके हे ‘स्वसंरक्षण आणि मार्शल आर्ट’ या गटात येतात. त्यांनाही केबिनची दारे बंद आहेत.

यादीत ज्याचे नाव नाही ते आपोआप चालते, असा मात्र याचा अर्थ नाही. दांडपट्टा, विटा, बोथाटी, फरी-गदगा ही नावे दिल्लीत तयार झालेल्या यादीत शोधून सापडणार नाहीत. पण पट्टा हे लांब पात्याचे शस्त्र आहे आणि विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला. तपासणी अधिकारी वस्तूचे नाव पाहत नाही, तिने इजा होऊ शकते का हे पाहतो. वृद्ध प्रवाशाची आधाराची काठी तपासून सोडली जाते. त्याच लांबी-जाडीची लाठी तरुणाच्या हातात असेल तर सोडली जात नाही. लाकडी तलवार, रबरी सुरा, नाटकातील ॲल्युमिनियमचे पाते यांनाही हाच न्याय लागू होतो. गणवेश, कमरेचा पट्टा, हातमोजे, छातीचे गार्ड यांसारखे कापडी आणि फोमचे साहित्य मात्र हातातील बॅगेत नेण्यास सहसा अडचण येत नाही.

खेळण्यातले हत्यारही का अडवले जाते?

या कडकपणामागे इतिहास आहे. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे फोकर विमान लाहोरला पळवून नेण्यात आले. अपहरणकर्त्यांकडील पिस्तूल खेळण्यातले होते आणि हातबॉम्ब नकली. विमानात आत असलेल्या माणसांना ते खरे वाटले, एवढे पुरे झाले. तेव्हापासून नकली हत्यार आणि खरे हत्यार यांत केबिनपुरता फरक केला जात नाही.

दुसरा धडा ११ सप्टेंबर २००१ चा. त्या काळी अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान पात्याचा चाकू केबिनमध्ये नेण्यास परवानगी होती. अपहरणकर्त्यांनी छोटी पातीच वापरली. त्यानंतर ‘लहान आहे, चालेल’ हा युक्तिवाद अनेक ठिकाणी निकालात निघाला. भारतात डिसेंबर १९९९ मधील काठमांडू-दिल्ली विमानाच्या कंदहार अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे म्हणजे ‘सीआयएसएफ’कडे सोपवण्यास सुरुवात झाली. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूर हा त्यातील पहिला विमानतळ ठरला. त्यामुळे ‘साहेब, मी खेळाडू आहे’ हे सांगणे कितीही खरे असले तरी केबिनच्या दारात उपयोगी पडत नाही. हा नियम प्रवाशाच्या हेतूवर नाही, वस्तूच्या जागेवर उभा आहे.

मग साहित्य न्यायचे कसे?

उत्तर सोपे आहे : चेक-इन सामानात, म्हणजे विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत. वर सांगितलेली बहुतेक साधने तिथे चालतात, कारण उड्डाणात प्रवाशाचा हात तिथवर पोहोचत नाही. प्रश्न उरतो तो बांधणीचा, लांबीचा आणि वजनाचा.

स्पर्धेत वापरले जाणारे रिकर्व्ह धनुष्य सुटे होते. मधली मूठ आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या वेगळ्या काढून ते कडक पेटीत बसते. कंपाउंड धनुष्य सुटे होत नाही, पण आखूड असते. बाण वेगळ्या नळीत, टोके झाकून ठेवले म्हणजे सामान हाताळणाऱ्याला इजा होत नाही आणि बाणही वाकत नाहीत. खरी अडचण आहे ती ‘इंडियन राउंड’च्या बांबूच्या धनुष्याची. आदिवासी भागातील बहुतेक मुले याच धनुष्यावर हात बसवतात. ते सहसा अखंड असते. दोरी उतरवून सरळ केले की त्याची लांबी नेहमीच्या बॅगेत मावत नाही. लाठीचेही तेच.

अनेक विमान कंपन्या एका नगाची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरपर्यंत असावी असे मानतात. साडेपाच फुटांची लाठी एकटीच ही मर्यादा ओलांडते. अशा नगाला ‘जास्त आकाराचे सामान’ म्हणून वेगळे शुल्क आणि वेगळा काउंटर असतो. छोट्या विमानांच्या सामानकक्षात तेवढी लांब वस्तू जातच नाही, असेही होते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी कंपनीला लांबी सांगून लेखी उत्तर घेणे शहाणपणाचे. देशांतर्गत उड्डाणात इकॉनॉमी वर्गाला साधारणपणे १५ किलो चेक-इन सामान मिळते. कडक पेटीचे वजन त्यातच धरले जाते आणि एक नग ३२ किलोच्या वर घेतला जात नाही. संघाने जाताना सर्वांचे धनुष्य एकाच पेटीत भरण्याचा मोह येथे नडतो.

या उलट एक नियम आहे आणि तो अनेकांना ठाऊक नसतो. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. धनुष्याच्या पेटीत बाजूच्या कप्प्यात टाकलेली पॉवर बँक क्ष-किरण तपासणीत दिसली की सगळी पेटी अडते. तेव्हा धनुष्य खाली आणि बॅटरी वर, ही विभागणी घरूनच करून निघावे. पाने, पक्कड, ॲलन की ही दुरुस्तीची हत्यारेही खालच्याच बॅगेत असावीत.

पेटी देताना काउंटरवरच ‘यात धनुष्यबाण आहेत’ किंवा ‘बिनधारेची तलवार आहे’ असे सांगावे. लपवलेली वस्तू क्ष-किरणात सापडली तर ती संशयास्पद ठरते. सांगितलेली वस्तू नोंदीचा भाग होते. पेटी उघडून दाखवावी लागण्याची शक्यता धरून ती दोरखंडांनी जखडू नये, साध्या कुलपाने बंद करावी आणि किल्ली हाताशी ठेवावी.

घरापासून विमानतळापर्यंत कोणता कायदा लागतो?

बहुतेक जण विमानतळाच्या नियमांची चौकशी करतात आणि रस्ता विसरतात. खापरहून तुलनेने जवळचे मोठे विमानतळ म्हणजे सुरत आणि वडोदरा. दोन्ही गुजरातमध्ये, आणि दोन्हीकडे जायला शंभर किलोमीटरहून जास्त रस्ता. म्हणजे शस्त्रासारखी दिसणारी वस्तू घेऊन दोन राज्यांच्या पोलिसांसमोरून जायचे.

शस्त्र अधिनियम, १९५९ हा केंद्राचा कायदा. त्याखालील नियमांच्या परिशिष्टात तलवार, गुप्ती, खंजीर, भाला, परशू यांच्यासह नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. म्हणून शेतकऱ्याचा विळा शस्त्र ठरत नाही. केंद्राने अधिसूचना काढलेल्या भागात अशी हत्यारे परवान्याशिवाय बाळगणे कलम ४ आणि २५ खाली गुन्हा आहे. त्याला एक ते तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘तलवारीने केक कापला’ म्हणून गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या येतात, त्यांत हीच कलमे असतात.

लाठीची गोष्ट गमतीची आहे. शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत लाठी आणि चालण्याची साधी काठी घरगुती वा शेतीची वस्तू म्हणून स्पष्टपणे वगळली आहे. पण १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाचे कलम ३७ (१) वेगळे सांगते. महाराष्ट्रात हा कायदा आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम आणि गुजरातेत गुजरात पोलीस अधिनियम या नावाने ओळखला जातो. दोन्हींचे मूळ एकच. सण, मोर्चे, निवडणुका अशा वेळी पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी या कलमाखाली मनाई आदेश काढतात. त्या काळात तलवार, भाला, बंदूक, सुरा यांच्याबरोबर काठी आणि लाठी घेऊन फिरण्यासही मनाई असते. एका कायद्यात शस्त्र नसलेली लाठी दुसऱ्या कायद्याने अशी अडवली जाते.

यावर उपाय कागदाचा आहे. क्रीडा संघटनेचे निवडपत्र, स्पर्धेचे निमंत्रण, शाळेचे किंवा प्रशिक्षकाचे पत्र आणि साहित्याची यादी एवढे सोबत असावे. पत्रात खेळाडूचे नाव, प्रवासाच्या तारखा, मार्ग आणि ‘बिनधारेचे’ किंवा ‘स्पर्धेचे साहित्य’ असा स्पष्ट उल्लेख हवा. साहित्य पेटीत बंद असावे. खांद्यावर उघडे टाकून बसमध्ये चढणे टाळावे. खऱ्या पात्यांनी प्रात्यक्षिके करणाऱ्या पथकांनी निघण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवून पोच घेणे हिताचे. असे पत्र म्हणजे परवाना नव्हे, पण हेतू दाखवणारा तो पहिला पुरावा असतो. केबिनच्या दारात हेतूला किंमत नाही. रस्त्यावर मात्र आहे.

बंदूक, काडतूस आणि मिरचीचा फवारा यांचे काय?

नेमबाजांसाठी नियम जास्त काटेकोर आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. त्यामुळे रायफल घेऊन प्रवास करणाऱ्या नव्या मुलांची संख्या वाढावी, अशीच अपेक्षा आहे. बंदूक न्यायची तर वैध परवाना, विमान कंपनीची आधी घेतलेली संमती आणि काउंटरवर घोषणा या तिन्ही गोष्टी लागतात. बंदूक रिकामी असावी लागते आणि काडतुसे वेगळी बांधावी लागतात. परवाना फक्त जिल्ह्यापुरता किंवा राज्यापुरता असेल तर दुसऱ्या राज्यात उतरताच तो निरुपयोगी ठरतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एका प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी जास्तीत जास्त पाच किलो काडतुसे, तीही कंपनीच्या संमतीने, नेता येतात; कंपनी याहून कमी मर्यादा घालू शकते. एअर रायफलच्या दाबाखालील हवेच्या नळकांड्या रिकाम्या करूनच द्याव्या लागतात.

बॅगेच्या कोपऱ्यात विसरून राहिलेले एखादे काडतूस हा सर्वांत त्रासदायक प्रकार. ते सापडले की प्रवास थांबतो आणि प्रकरण पोलिसांकडे जाते. सर्वोच्च न्यायालयाने गुनवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या खटल्यात ‘ताबा’ म्हणजे जाणीवपूर्वक ताबा असे स्पष्ट केले आहे. याच तत्त्वावर पुढे अनेकांना दिलासा मिळाला. पण तो दिलासा न्यायालयात मिळतो, विमानतळावर नाही; तोवर स्पर्धा संपलेली असते. नेमबाजीसाठी वापरलेली बॅग दुसऱ्या प्रवासाला नेऊच नये, हा त्यावरचा स्वस्त उपाय.

मिरचीचा फवारा म्हणजे पेपर स्प्रे अनेक मुली स्वसंरक्षणासाठी पर्समध्ये ठेवतात. आंतरराष्ट्रीय धोकादायक वस्तू नियमांनुसार असे दाहक फवारे केबिन आणि चेक-इन दोन्हीकडे निषिद्ध आहेत. तलवार खाली चालते आणि बोटभर फवारा कुठेच चालत नाही, हे विचित्र वाटते. कारण असे, की तलवार आपोआप फुटत नाही. दाबाखालील दाहक द्रव्याचा डबा गळू शकतो.

कृपाणाला सवलत कशी?

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबला देशभरातून शीख भाविक येतात, त्यामुळे हा प्रश्न महाराष्ट्रातही विचारला जातो. कृपाण हे शिखांच्या पाच ककारांपैकी एक. ४ मार्च २०२२ च्या बीसीएएसच्या आदेशानुसार देशांतर्गत मार्गावरील भारतीय विमानांत शीख प्रवाशाला कृपाण धारण करता येते. मात्र पाते सहा इंचांपेक्षा आणि एकूण लांबी नऊ इंचांपेक्षा जास्त नसावी. या सवलतीला आव्हान देणारी याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये फेटाळली. आंतरराष्ट्रीय उड्डाणांना ही सवलत लागू नाही. गतका खेळणाऱ्यांच्या मोठ्या तलवारी, ढाली आणि सोट्यांनाही ती लागू नाही. त्यांनी चेक-इनचाच मार्ग धरायचा.

परदेशात उतरल्यावर काय बदलते?

भारतातून बॅग सुटली म्हणजे काम झाले असे नाही. उतरण्याच्या देशाचा कायदा, आणि वाटेत सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागत असेल तर त्या मधल्या देशाचाही कायदा लागतो. कराटेच्या वर्गात सर्रास दिसणारे नानचाकू कॅनडात प्रतिबंधित शस्त्र आहे. जर्मनीत नानचाकू आणि फेकायच्या चांदण्या दोन्हींवर बंदी आहे. ऑस्ट्रेलियात नानचाकू आणण्यासाठी पोलिसांची पूर्वपरवानगी लागते. ब्रिटनमध्ये १९८८ पासून आयात-विक्रीला बंदी असलेल्या हत्यारांची वेगळी यादीच आहे. हातात घालायचा काटेरी पंजा, गुप्ती, मूठकडे ही त्यातील काही. ५० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पात्याची वक्र तलवारही त्या यादीत आहे. मात्र पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्या तलवारींना अपवाद आहे.

परदेशातील महाराष्ट्र मंडळांत शिवजयंती आणि गणेशोत्सवाला लाठीकाठी, लेझीम, तलवारीची प्रात्यक्षिके होतात. त्यासाठी गावाहून साहित्य नेणाऱ्यांनी आणखी एक दार लक्षात ठेवावे : जैवसुरक्षेचे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये बांबू, लाकूड, पिसे आणि चामडे यांची घोषणा करावी लागते. कीड दिसली तर लाठी शस्त्र म्हणून नव्हे, बांबू म्हणून जप्त होते. पारंपरिक बाणाला मोराचे पीस लावलेले असेल तर अडचण भारतातूनच सुरू होते, कारण मोरपिसांच्या निर्यातीला बंदी आहे. हस्तिदंती मुठीचीही तीच गत.

महागडे साहित्य परदेशी नेताना जातानाच विमानतळावरील सीमाशुल्क काउंटरवर ते दाखवून ‘एक्सपोर्ट सर्टिफिकेट’ घ्यावे. नाहीतर परतताना आपलेच धनुष्य नवी खरेदी समजून त्यावर शुल्क मागितले जाऊ शकते.

आजोबांची तलवार मुलाकडे नेता येते का?

अनेक घरांत देवघराच्या भिंतीवर जुनी तलवार असते, दसऱ्याला तिची पूजा होते. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मुलाला ती द्यावीशी वाटणे स्वाभाविक आहे. पण पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तो अधिकार केंद्र सरकारचा किंवा त्याने नेमलेल्या संस्थेचा आहे. तलवार तेवढी जुनी नसेल, पण तशी दिसत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते नसेल तर चेक-इन झालेली बॅगही सीमाशुल्क अधिकारी थांबवू शकतात.

राज्याने अलीकडे दोनदा उलट्या दिशेने शस्त्रांचा प्रवास पाहिला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील वाघनखे जुलै २०२४ मध्ये मुंबईत आणि तेथून साताऱ्याच्या संग्रहालयात आली. त्यासाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनमध्ये सामंजस्य करार झाला होता आणि वाघनखे ठरावीक मुदतीसाठी देण्यात आली. नागपूरकर भोसले घराण्यातील रघुजी भोसले यांची तलवार राज्य सरकारने लंडनमधील लिलावातून ४७.१५ लाख रुपयांना मिळवली. ती १८ ऑगस्ट २०२५ रोजी विमानाने मुंबईत आली. हातात घालायच्या पंज्याला ब्रिटनचा कायदा एरवी बंदी घालतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना मात्र त्यातून सूट आहे. जुनेपणा तिकडे वस्तूला मोकळे करतो आणि इकडे तिला देशाबाहेर जाण्यापासून रोखतो. सरकारांनाही करार, ताबापत्र आणि विम्याशिवाय शस्त्र हलवता येत नाही, ही यातली खरी शिकवण.

सामान हरवले किंवा मोडले तर?

खेळाडूच्या दृष्टीने हा सर्वांत दुखरा मुद्दा. देशांतर्गत प्रवासात हरवलेल्या किंवा खराब झालेल्या सामानासाठी विमान कंपनीची जबाबदारी प्रवाशामागे २० हजार रुपयांपर्यंत मर्यादित आहे. चांगल्या प्रतीच्या कंपाउंड धनुष्याची किंमत लाखाच्या घरात जाते. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करारानुसार ही मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर, म्हणजे साधारण पावणेदोन लाख रुपये झाली आहे. तेथे जादा शुल्क भरून सामानाचे विशेष मूल्य आधी जाहीर करण्याची सोय आहे. देशातल्या प्रवासासाठी वेगळा क्रीडा-साहित्य विमा हाच व्यवहार्य मार्ग.

पेटी पट्ट्यावर आलीच नाही किंवा फुटून आली तर विमानतळाबाहेर पडण्यापूर्वी कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवून अहवालाची प्रत घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या सामानाची २१ दिवसांत करावी लागते. निघण्यापूर्वी पेटी उघडी ठेवून काढलेली छायाचित्रे आणि खरेदीच्या पावत्या येथे कामी येतात.

खापरसारख्या गावांतील खेळाडूंसाठी हे जास्त महत्त्वाचे का?

सुरक्षा तपासणीत एखादी वस्तू अडली की प्रवाशापुढे साधारण तीनच पर्याय उरतात : मागे जाऊन ती चेक-इन सामानात देणे, सोडायला आलेल्या नातेवाइकाकडे देणे किंवा तिथेच सोडून देणे. सोडून दिलेली वस्तू परत मिळण्याची आशा धरू नये. मुंबई-पुण्याच्या प्रवाशाला दुसरा पर्याय असतो; घरचे अजून बाहेर गाडीत असतात. खापर, मोलगी किंवा धडगावहून निघालेल्या मुलाला सोडायला आलेली जीप तोवर परतीच्या वाटेवर असते. काउंटर बंद झालेला असेल तर त्याच्यासाठी तिसराच पर्याय उरतो. ज्या बांबूच्या धनुष्यावर निवड झाली तेच मागे राहते. स्पर्धेच्या ठिकाणी उसने धनुष्य मिळेलही, पण हाताला सवय नसलेल्या धनुष्याने नेम साधत नाही, हे कोणताही तिरंदाज सांगेल.

महाराष्ट्राच्या तिरंदाजीने अलीकडे मोठी झेप घेतली आहे. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला एकाच जागतिक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली. दांडपट्ट्याला २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाला. सातपुड्यातील मुलांकडे धनुष्याची जाण घरातूनच आहे. कमी आहे ती पेटी, पत्र आणि आधी केलेला एक फोन यांची. या तिन्हींचा खर्च मोठा नाही. कडक पेट्या शाळा किंवा तालुका क्रीडा संघटना सामाईक ठेवू शकते, पत्राचा नमुना एकदाच करून ठेवता येतो आणि विमान कंपनीला लांबी-वजन विचारण्याचे काम संघ व्यवस्थापकाचे असते.

पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या मुलाला नियम विमानतळावर कळू नयेत, ते गावातच कळावेत. निघण्याच्या आदल्या रात्री पेटी एकदा उघडून पाहावी. धनुष्याची दोरी उतरवली आहे, बाणांची टोके झाकली आहेत, पॉवर बँक बाहेर काढली आहे, पत्राची एक प्रत पेटीत आणि एक खिशात आहे, याची खात्री करावी. मग खापरचा फाटा ओलांडून गुजरातच्या हद्दीत शिरताना आणि पुढे तपासणीच्या रांगेत उभे राहताना घाबरण्याचे कारण उरत नाही.